छोट्या चॉकलेट धंद्याचं पॅकिंग: काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, किती घ्यायचं (कोल्हापूरकरांसाठी)

घरी चॉकलेट करणारी माणसं आता कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत, आणि चॉकलेटचा क्लास संपला की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बॉक्स कुठं मिळतात ओ?" बॉक्सचं बघू, पण ते सगळ्यात शेवटी. ज्यानं आधी बॉक्स छापला आणि मग वजन, रेसिपी, भाव ठरवायला बसला त्याच्या माळ्यावर हमखास दोन-चार पोती छापील पुठ्ठा पडलेला असतो. आधी चॉकलेटला चिकटणारा थर, मग लेबल, मग बॉक्स, मग कुरिअरचा खोका, ह्या क्रमानं गेलात तर पैसे कमी अडकतात. मी त्याच क्रमानं लिहितोय.

आधी माल काय आहे ते कागदावर लिहा

बार आहे का बोनबॉन (आत सारण भरलेलं छोटं चॉकलेट), का नुसती मोल्डमधली छोटी चॉकलेटं? वजन किती, किती दिवस टिकवायचंय, आणि विकणार कुठं, घरून ऑर्डरवर, का महाद्वार रोडच्या दुकानात उघड्या काउंटरवर, का कुरिअरनं पुण्या-मुंबईला? ह्या प्रत्येकाचं पॅकिंग वेगळं. चार दिवसांत खाऊन संपणाऱ्या वाढदिवसाच्या चॉकलेटला भारी बॅरिअर (ओल-हवा अडवणारा) पाउच म्हणजे फुकट खर्च, आणि दोन महिने दुकानात पडून राहणाऱ्या बारला नुसता सोनेरी कागद म्हणजे तक्रारीला आमंत्रण.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसवा, पॅकिंगनं उष्णता थांबत नाही. कोको बटर साधारण ३३-३४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा त्याच्या वरच असतो, त्यामुळं कितीही महागाचा बॉक्स आणा, उन्हात ठेवला की आत पातळ होणारच. पॅकिंगचं काम ओल, हवा, उजेड आणि वास अडवायचं. त्यातही कोल्हापूरला खरा शत्रू ओल, जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की पापड सुद्धा डब्यात मऊ पडतो, आणि चॉकलेटवर ओल बसली की साखर वर येऊन खरखरीत पांढरट थर धरतो. गुळाचं चॉकलेट करत असाल (आपल्याकडं करणारे बरेच आहेत, करायलाच पाहिजे) तर डबल काळजी, कारण गूळ साखरेपेक्षा जास्त ओल ओढतो.

पहिला थर: जो चॉकलेटला टेकतो

इथं काटकसर करू नका, बाकी कुठंही करा.

बारला जुनी पद्धत म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल आणि वरून कागदी स्लीव्ह. दिसायला क्लासिक, हातानं गुंडाळता येतं, मशीन लागत नाही. पण फॉइल नुसती दुमडलेली असते, सील नसते, त्यामुळं घडीतून हवा आणि ओल आत जाते. पावसाळ्यात दुकानात माल ठेवायचा असेल तर सील होणारा पाउच किंवा रॅपर पाहिजे. साधी ॲल्युमिनियम फॉइल हीट सीलरनं चिकटत नाही, तिला आतून प्लास्टिकचा थर लागतो, म्हणजे लॅमिनेट. दुकानदाराला विचारताना "फॉइल पाउच" एवढंच म्हणू नका, थर कुठले कुठले आहेत आणि मायक्रॉन (म्हणजे जाडी) किती ते विचारा. मेटलाइज्ड म्हणजे प्लास्टिकवर धातूचा अगदी पातळ मुलामा, दिसायला तसंच चकाकतं आणि स्वस्त असतं, पण खऱ्या ॲल्युमिनियमच्या थराइतकं अडवत नाही. महिना-दीड महिन्यासाठी मेटलाइज्ड चालून जातं असं माझं मत, पुढं नेऊ नका.

छोट्या चॉकलेटांना कापलेली रंगीत फॉइल चौकोनी तुकड्यांत पाकिटानं मिळते. ती घेताना ओल्या टिश्यूनं रंग पुसून बघा, टिश्यूला रंग लागला तर पाकीट परत द्या, मग ते कितीही स्वस्त असू दे. बोनबॉनला कागदी कप किंवा पीईटी प्लास्टिकची खाचांची ट्रे, आणि वरून ग्लासिनचा (गुळगुळीत, तेल न शोषणाऱ्या कागदाचा) पॅड म्हणजे हलून एकमेकांवर घासत नाहीत.

सील कसं तपासायचं? रिकामा पाउच हवा भरून सील करा, बादलीत पाण्याखाली धरून हळूच दाबा. बुडबुडे आले तर सील गळतंय, मग सीलरचं तापमान वाढवा किंवा जास्त वेळ दाबा, आणि तरीही आले तर पाउचचा आतला थर सीलिंगचाच नाही असं समजा. दहा पाउच तपासायला पाच मिनिटं लागत नाहीत.

पुरवठादाराकडून बिलावर किंवा वेगळ्या कागदावर "फूड ग्रेड" लिहून घ्याच, तोंडी नको. फूड सेफ्टीचे २०१८ चे पॅकेजिंग नियम आहेत, त्यात प्लास्टिकच्या प्रकाराप्रमाणं बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) स्टँडर्ड दिलेत, पॉलिथिनला आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलिनला आयएस १०९१०, पीईटीला आयएस १२२५२, आणि खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवरच्या छपाईच्या शाईला आयएस १५४९५. हे नंबर पाठ करायची गरज नाही, व्हॉट्सॲपवर पुरवठादाराला पाठवा आणि "ह्याचं सर्टिफिकेट आहे का" विचारा. जो दोन दिवसांत पीडीएफ पाठवतो तो पुरवठादार, जो "अहो सगळे हेच वापरतात" म्हणतो त्याच्याकडून रिबिनी घ्या, पाउच नको. वर्तमानपत्रात गुंडाळायला तर त्याच नियमांत सरळ मनाई आहे.

लेबल: छापायच्या आधी हे उरकून घ्या

एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर काढायचं, १४ आकडी नंबर मिळतो, तो लोगोसकट लेबलवर येतो. नंबर हातात आल्याशिवाय काहीही छापायला टाकू नका. पॅकबंद माल विकणार म्हणजे वैधमापनवाल्यांकडं (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) पॅकर म्हणून नोंदणी पण लागते, ही बरेच जण विसरतात आणि मग दुकानात तपासणी आली की पळापळ.

लेबलवर काय काय: पदार्थाचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडं, ॲलर्जीची सूचना (दूध, सोया, काजू-बदाम, गहू, जे असेल ते, आणि लेसिथिन बहुतेक वेळा सोयाचं असतं हे विसरू नका), पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसह, प्रति ग्रॅम किंमत, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहकसेवेचा फोन-ईमेल, साठवण कशी करायची ते. प्रति ग्रॅम किंमत म्हणजे ५० ग्रॅमचा बार १५० रुपयांना असेल तर ३ रुपये प्रति ग्रॅम, एवढंच. वजन म्हणजे आतल्या चॉकलेटचं, फॉइलसकट नाही. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटक, पोषण तक्ता वगैरे काही गोष्टींची त्या छोट्या पाकिटाला सूट आहे, पण मग त्या बाहेरच्या मोठ्या पॅकवर याव्या लागतात.

शाकाहारी खूण हिरव्या चौकोनात हिरवा भरलेला गोल. लेबलचा मुख्य भाग १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर गोल कमीत कमी ३ मिलिमीटरचा, ५०० पर्यंत ४ चा, आणि चौकोनाची बाजू गोलाच्या दुप्पट. डिझायनर पोरं ही खूण नाजूक दिसावी म्हणून बारीक करतात, पट्टी लावून मोजा.

मराठीत लेबल करायची हौस असते आणि असावीच, पण नियमाप्रमाणं माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतेच, मराठी त्याच्या जोडीला. समोर मोठ्ठं मराठी नाव, मागं इंग्रजीत सगळी कायदेशीर माहिती, असं करा.

आणि कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसऱ्या फॅटची चॉकलेटसारखी लादी) वापरत असाल तर समोर "मिल्क चॉकलेट" छापून मोकळं होऊ नका. चॉकलेट म्हणायचं तर कोको बटर सोडून दुसरं वनस्पती फॅट जास्तीत जास्त ५ टक्के चालतं, आणि तेही लेबलवर सांगावं लागतं. कंपाउंडमध्ये जवळजवळ सगळंच दुसरं फॅट असतं. हे छापील बॉक्स आल्यावर कळलं तर सगळा लॉट रद्दीत जाईल.

एमआरपी आणि तारीख बॉक्सवर छापू नका

ह्याच्यासाठी वेगळं हेडिंग मुद्दाम देतोय. २२ सप्टेंबर २०२५ ला चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा ज्यांनी दिवाळीसाठी एमआरपीसकट बॉक्स छापून ठेवले होते ते सगळे स्टिकर चिकटवत बसले, आमच्या ओळखीतल्या एका ताईंच्या घरी तर सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळं घर त्याच कामाला. कोको महागला, वजन बदललं, तरी तेच होणार. बदलणारं सगळं (एमआरपी, प्रति ग्रॅम किंमत, बॅच, दोन्ही तारखा) एका छोट्या स्टिकरवर घ्या, आणि बॉक्सवर त्याची जागा कोरी सोडा. त्या जागेवर लॅमिनेशन किंवा वार्निश नको असं प्रेसला सांगितलं तर साधा रबरी शिक्काही उमटतो, नाहीतर चकचकीत लॅमिनेशनवर शाई वाळत नाही आणि बोटानं पुसली जाते.

स्टिकरचा कागद दोन प्रकारचा. क्रोमो स्वस्त पण फ्रिजमधून काढलेल्या मालावर पाणी सुटलं की कडा उचलतात, लगदा होतो. फ्रिजमधल्या मालाला न फाटणारा, म्हणजे पीपी किंवा पीव्हीसी स्टिकर घ्या, वरच्या स्लीव्हला क्रोमो चालेल.

कुठून घ्यायचं

सुरुवात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतून करा. प्लास्टिक, पाउच, बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत तयार बॉक्स, कागदी कप, हातानं दाबायचा सीलर, हे सगळं थोडं थोडं मिळून जातं, भाव जरा जास्त असेल पण २५-५० नग देणारा माणूस हाच, आणि हातात घेऊन बघता येतं. गांधीनगरला रिबन, गिफ्टचं सामान, पिशव्या होलसेलमध्ये बघायला एक फेरी मारायला हरकत नाही.

भारीतला कडक बॉक्स (रिजिड म्हणतात त्याला, आत जाड पुठ्ठा वरून कागद चढवलेला) पाहिजे असेल तर गुजरीतल्या ओळखीच्या सराफाला विचारा त्यांच्या दागिन्यांच्या डब्या कोण करून देतं. काम तेच, हातानं पुठ्ठा कापून कागद चढवायचा, फक्त आत मखमलीच्या जागी ट्रे बसवायची. असा कारागीर शंभर-दोनशे नग पण करतो जे मोठा बॉक्सवाला फोनवर ऐकून सुद्धा घेत नाही. लग्नपत्रिकेसोबत मिठाईचे बॉक्स करून देणारे पण हेच काम करतात. मात्र फेविकॉलचा वास पूर्ण जाईपर्यंत बॉक्स उघडे ठेवायला जागा करा.

मुंबईला क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यात रविवार पेठेची बोहरी आळी, ह्या दोन ठिकाणी व्हरायटी खरंच जास्त. एकदा जाऊन या, सॅम्पल आणा, दुकानाचं कार्ड आणा, पुढच्या ऑर्डरी फोनवर. पण तयार कडक बॉक्स मुंबईहून मागवताना ट्रान्सपोर्टचा भाव आधी विचारा, कारण तुम्ही हवा वाहून आणताय, वजन काही नाही आणि जागा टेम्पोभर. घडीचे बॉक्स सपाट येतात, तिथं परवडतं.

ऑनलाइन होलसेल साइटवर चौकशी टाकली तर दिवसभर फोन वाजणार हे धरून चाला. तिथं तीनच गोष्टी विचारा: कमीत कमी किती नग, सॅम्पल पैसे घेऊन का असेना पाठवणार का, आणि जीएसटी-वाहतूक धरून दारात पोच भाव किती. तुमचं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसेल तर पॅकिंगवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो सरळ खर्चात धरा.

प्रेसमध्ये गेल्यावर

जाताना डिझाइन नाही, चॉकलेट घेऊन जा. फॉइल गुंडाळलेला, स्लीव्ह चढवायचा असलेला खरा बार. प्रेसवाल्याकडून आधी कोऱ्या कागदाची डमी करून घ्या आणि त्यात बार सरकवून बघा, फार घट्ट असेल तर पॅक करताना फॉइल फाटते आणि सैल असेल तर हलवल्यावर खडखडतो. माप सांगताना लांबी, रुंदी, उंची ह्याच क्रमानं आणि "आतलं माप" म्हणून सांगा.

बार-बॉक्सला ३०० ते ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम ते) बोर्ड बास. डुप्लेक्स बोर्डची मागची बाजू करडी असते कारण तो रद्दीच्या लगद्याचा असतो, त्याला चॉकलेट थेट टेकू देऊ नका, मध्ये फॉइल किंवा पाउच पाहिजेच. पांढऱ्या पाठीचा बोर्ड महाग पण उघडल्यावर बरा दिसतो.

मग "शीटवर किती अप्स बसतात?" हा प्रश्न विचाराच. एका मोठ्या शीटवर तुमचे किती बॉक्स बसतात त्यावर भाव ठरतो, आणि कधी कधी बॉक्स अर्धा सेंटीमीटर कमी केला की एक नग जास्त बसतो. हे प्रेसवाला स्वतःहून सांगेलच असं नाही, पण विचारलं की खूश होऊन सांगतो.

आता नग किती? आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतोय. समजा डाय (बॉक्सचा आकार कापायचा साचा), प्लेट, फॉइलिंगचा ब्लॉक असा एकदाचा खर्च ६००० आणि कागद-छपाई-पेस्टिंग मिळून बॉक्समागं ४ रुपये. ५०० नग काढले तर एक बॉक्स १६ ला, २००० काढले तर ७ ला. १६ आणि ७ बघून सगळे २००० ची ऑर्डर देतात. पण महिन्याला तुमचे ८० बार जात असतील तर २००० बॉक्स दोन वर्षांहून जास्त पुरतील, तोवर रेसिपी बदलेल, पत्ता बदलेल, नियम बदलेल. सहा महिन्यांत संपेल एवढंच छापा. त्यापेक्षा भारी युक्ती म्हणजे सगळ्या फ्लेव्हरना एकच कॉमन बॉक्स आणि फ्लेव्हरची ओळख डिजिटल प्रिंटच्या स्टिकरवर, मग बॉक्सचे नग एकत्र होऊन भाव उतरतो आणि नवा फ्लेव्हर काढायला ५० स्टिकर बास. डाय तुमच्या पैशाची असेल तर बिलावर तसं लिहून घ्या, उद्या प्रेस बदलली तर ती उचलून नेता आली पाहिजे.

प्रूफ मोबाइलवर बघून ओके करू नका. छापील प्रूफ घ्या, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी १४ आकडी नंबर, फोन नंबर एक एक आकडा मोठ्यानं वाचायला लावा.

वेळेचं पण सांगतो, लग्नसराई, दिवाळीच्या आधीचा महिना आणि निवडणूक, ह्या तिन्ही वेळी प्रेसवाला तुमचे ५०० बॉक्स शेवटी घेणार, त्याचंही पोट आहे. दिवाळीचं काम ऑगस्टमध्येच टाका.

वासाची परीक्षा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. चॉकलेट आजूबाजूचा वास फार पटकन धरतं. शाईचा, गोंदाचा, उदबत्तीचा, आणि आपल्याकडं म्हणजे शेजारी कांदा-लसूण मसाला कुटला तर त्याचा पण.

मोठ्या कंपन्या ह्यासाठी रॉबिन्सन टेस्ट म्हणून करतात, तिचं घरगुती रूप असं: झाकणाच्या दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्या, लोणच्याच्या नकोत. दोन्हीत एकाच लॉटचं चॉकलेट किसून ठेवा. एकीत छापील बॉक्सचे तुकडे टाका, चॉकलेटला टेकवायचे नाहीत, वाटीत वेगळे ठेवायचे. दुसरीत काहीच नाही. घट्ट बंद करून दोन दिवस सावलीत ठेवा. मग घरातल्या तिघा-चौघांना, कुठली कुठली आहे ते न सांगता, दोन्हीतलं चाखायला द्या. सगळे एकाच बरणीला "काहीतरी वेगळं लागतंय" म्हणाले तर बॉक्स अजून वापरायचे नाहीत, आठवडाभर हवेशीर खोलीत सुटे पसरा आणि परत चाखा. तरीही वास येत असेल तर प्रेसशी बोला, शाई कमी वासाची, खाद्यपदार्थांच्या पॅकिंगची पाहिजे असं सांगा. नव्या प्रत्येक लॉटला हे करा, कारण प्रेस तीच असली तरी शाईचा डबा तोच असेल असं नाही.

गिफ्ट बॉक्सवरची प्लास्टिकची फिल्म

मिठाईच्या बॉक्सभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, सिंगल यूज प्लास्टिकच्या यादीत ती नावानिशी आहे. तुमचा दिवाळीचा चॉकलेट बॉक्स बघणाऱ्याला मिठाईचाच वाटणार, तेव्हा वाद नको. कागदी पट्टा किंवा सील स्टिकर लावा, बॉक्स उघडला गेला का नाही ते त्यानंही कळतं.

ठेवायचं कुठं

पुठ्ठा ओल धरतो, वाकतो, पेस्टिंग सुटतं. भिंतीला टेकवून आणि जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, पावसाळ्यात मोठ्या पिशवीत बांधून. आणि पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर जुलैच्या आधीच स्टॉक वरच्या मजल्यावर. २०१९ ला आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, पुण्या-मुंबईचा माल तिकडंच अडकला, म्हणून राखीची ऑर्डर असेल तर तिचं पॅकिंग जूनमध्येच घरात आणून ठेवा.

कुरिअरचा खोका

एक-दोन किलोला तीन प्लायचा (तीन थरांचा) खोका चालतो, वर गेलात की पाच प्लाय. आत फॉइल बबलचं अस्तर, जेल पॅक, आणि जेल पॅक चॉकलेट बॉक्सला थेट टेकवायचा नाही, पाणी सुटतं, मध्ये पुठ्ठा आणि बॉक्सला वेगळी पिशवी. रिकामी जागा कागदानं भरा. मार्च ते मे मध्ये पुण्याला पाठवायचं तर दिवसाच्या गाडीपेक्षा रात्रीच्या बसचं पार्सल बरं पडतं, थंड वेळेत निघून पहाटे पोचतं, फक्त उतरवून घ्यायला माणूस वेळेवर हजर पाहिजे. नवा खोका ठरवला की आधी ओळखीच्या कुणाला तरी पुण्यात एक डबा पाठवा, उघडताना व्हिडिओ करायला सांगा, आणि कुठला कोपरा चेपला, कुठला तुकडा पालथा झाला ते बघून मगच पन्नास खोक्यांची ऑर्डर द्या.